खारीक, घोडा आणि सागाचे लाकूड



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहासाच्या तासाला आधी फळ्यावर तालुक्याचा नकाशा काढत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. मीही नकाशापासूनच सुरुवात करतो. आजचा विषय आहे अरबस्तानच्या वाळवंटातल्या आणि किनाऱ्यावरच्या लोकांचे पुरातत्त्व, त्यांचा इतिहास आणि त्यांची जुनी राहणी. हा विषय मुंबईत मांडावा, चौल-रेवदंड्याला मांडावा. समुद्र न दिसणाऱ्या कर्जतमध्ये कशाला, असे कुणालाही वाटेल. म्हणून नद्या बघा. राजमाचीच्या कुशीतून उल्हास निघते आणि कल्याणच्या खाडीला जाते. खोपोलीची पाताळगंगा आपट्याच्या जुन्या बंदरावरून धरमतरच्या बाजूला उतरते. अंबा बोरघाटाच्या डोंगरातून निघून उंबरखिंड, पाली करत नागोठण्याला पोचते. आपल्या कर्जत-खालापूर या दोन तालुक्यांच्या डोंगरकडेला निघालेले पाणी तीन वाटांनी तीन बंदरांना मिळते. त्या बंदरांत उतरलेला माल देशावर जायचा, तर त्याला याच पायथ्याशी मुक्काम करून बोरघाट, कुसूर किंवा कोंडाण्याच्या बाजूची राजमाचीची वाट चढावी लागे. चौल, कल्याण, सोपारा ही दारे होती. दाराचा इतिहास आपण पुष्कळ लिहिला. घरात शिरलेल्या माणसाने पहिला टेका कुठे घेतला, हे फारसे कुणी पाहिले नाही.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. अरबस्तान आणि सह्याद्री यांचे नाते साहसी दर्यावर्दींनी जोडले, असे गोष्टींच्या पुस्तकांत वाचायला मिळते. ते नाते जोडले उणिवेने. तिकडे लाकूड नाही, तांदूळ नाही. इकडे चांगला घोडा नाही, खजूर नाही. एका बाजूला जे मुळीच नव्हते, ते दुसऱ्या बाजूला मुबलक होते, आणि मध्ये असा समुद्र होता की सहा महिने वारा इकडे वाहतो आणि सहा महिने तिकडे. साहस एका पिढीत संपते. उणीव संपत नाही, म्हणून हे नाते दोन हजार वर्षांहून जास्त टिकले.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नुसती वाळू येते. खरे पाहता ओमानचा अंतर्भाग डोंगराळ आहे आणि तिथल्या माणसाने पाण्यासाठी केलेले काम पाहून आपण हात जोडावेत. त्याला ते ‘फलज’ म्हणतात. डोंगराच्या पोटातले पाणी शोधायचे, तिथून गावापर्यंत मैलोगणती जमिनीखालून चर खणत न्यायचा, उतार इतका हलका ठेवायचा की पाणी थांबणार नाही आणि माती कापणारही नाही. गावात आल्यावर ते पाणी आधी पिण्याला, मग मशिदीला व न्हाण्याला, मग खजुरीच्या बागांना. प्रत्येक बागेची पाळी ठरलेली; दिवसा ती सावलीच्या काठीवरून मोजायची, रात्री ताऱ्यांवरून. यांतले पाच फलज २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेले. आपल्याकडे कोंडाण्याच्या लेण्यांत भिक्षूंनी कातळात पाण्याची टाकी कोरली. एकाने पावसाचे पाणी धरून ठेवले, दुसऱ्याने डोंगरातले पाणी चालवत नेले. दोघांना पाण्याची किंमत सारखीच ठाऊक होती.

फलजाच्या काठी खजूर, खजुरीच्या सावलीत लिंबू, डाळिंब आणि उंटा-शेळ्यांचा चारा. बागेच्या पलीकडे बदूंचा मुलूख. त्यांचा काळा तंबू शेळीच्या केसांचा, तो बायकाच विणतात. विणकामाच्या त्या कलेला ते ‘सदू’ म्हणतात. बदू हा भटका म्हणजे वाटेल तिकडे जाणारा, ही समजूत चुकीची आहे. प्रत्येक टोळीची चराई ठरलेली, विहिरी ठरलेल्या. परक्या टोळीच्या हद्दीतून तांडा न्यायचा तर त्या टोळीचा माणूस सोबत्या म्हणून घ्यावा लागे. त्याला ‘रफीक’ म्हणत. तो बरोबर असला की तांड्याला हात लावणे म्हणजे त्याच्या टोळीची अब्रू घेणे. घाटाखाली वाढलेल्या माणसाला ही व्यवस्था परकी वाटू नये. आपल्याकडे घाटमाथ्यावर मेटे म्हणजे चौक्या होत्या, मेटांवर महादेव कोळी राखणदार होते, घाटाची जकात होती आणि तिचा हिशेब ठेवणारे घाटपांडे होते. वंजाऱ्यांच्या बैलांचा तांडा खालून मीठ घेऊन वर जाई आणि वरून धान्य घेऊन उतरे. ज्या मुलखात रस्ता हीच संपत्ती असते, तिथे रस्ता राखणाऱ्याला मान आणि मोल दोन्ही मिळते. वाळवंटात तसे, खिंडीतही तसेच.

आता जमिनीखालचा पुरावा पाहू. ओमानच्या अगदी पूर्वेच्या टोकाला रास अल-जिन्झ नावाची जागा आहे. सूर्य अरबस्तानात पहिल्यांदा तिथे उगवतो. तिथल्या उत्खननात डांबराचे तुकडे मिळाले. एका बाजूला बोरूच्या जुड्यांचे आणि दोऱ्यांचे ठसे, दुसऱ्या बाजूला समुद्रातले चिकटणारे शिंपले. म्हणजे इ.स.पू. २५०० च्या आसपास बोरूच्या होड्यांना बाहेरून डांबर फासले जात होते आणि होडी मोडली की डांबर खरवडून परत वापरायला ठेवत होते. त्याच गावात सिंधू संस्कृतीची खापरे सापडली, सिंधू लिपीच्या खुणांसकट. लोथलला आखाती घडणीची गोल मुद्रा मिळाली, ती याच देवघेवीची दुसरी बाजू.

पुढे इसवी सनाच्या आगेमागे ऊद-धुपाचा व्यापार भरात आला. दक्षिण ओमानमधल्या धोफारच्या कोरड्या डोंगरांत धुपाची झाडे आहेत. सालीला चीर दिली की पांढरा चीक येतो, तो वाळला की धूप. या धुपासाठी हद्रमौतच्या राजांनी खोर रोरीला तटबंदीचे बंदर बांधले. तिथे इटालियन पथकाने वर्षानुवर्षे खोदकाम केले. भारतीय मातीची भांडी निघाली, तमिळ-ब्राह्मी अक्षरे कोरलेले एक खापर निघाले. त्याआधी तिथेच शालभंजिकेची एक भग्न कांस्यमूर्ती मिळाली होती. कुणा भारतीय व्यापाऱ्याने ती घरून नेली असेल, की तिकडच्या धनिकाने हौसेने मागवली असेल? मूर्ती तेवढे सांगत नाही. सोकोत्रा बेटावरची होक गुहा मात्र बोलकी आहे. काळोख्या, खोल गुहेत भारतीय खलाशी आणि व्यापारी आपापली नावे ब्राह्मीत लिहून गेले. कुणी स्वतःला भरुकच्छाचा म्हणवतो, कुणी आपल्या बापाचे नाव देतो. ही नावे वाचताना मला कोंडाण्याचा तो छोटा लेख आठवतो, ज्यात कण्हाचा शिष्य बलक ‘हे मी केले’ एवढेच सांगतो. काळ वेगळा, पण लिपी तीच, ब्राह्मी.

‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तकात कल्याण आहे, सेमुल्ल म्हणजे आपले चौल आहे. त्यात सोकोत्राला भारतीय माणसे काय नेत, तेही आहे: तांदूळ, गहू, कापड आणि थोड्या दासी. शेवटचा शब्द गाळून मला हा इतिहास सांगता येणार नाही. या समुद्राने माणसेही विकत नेली आणि आणली; जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांतल्या पुष्कळांच्या येण्यामागे गुलामगिरी होती.

इस्लामच्या उदयानंतर हा व्यापार थांबला नाही, वाढला. अल-मसूदी हा बगदादचा इतिहासकार हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ मध्ये, सैमूरला आला. सैमूर म्हणजे चौल. तेव्हा वर राष्ट्रकूटांचे साम्राज्य आणि इथे त्यांचा मांडलिक शिलाहार झंझ. मसूदी लिहितो की सैमूरला दहा हजारांच्या आसपास मुसलमान आहेत: काही इथेच जन्मलेले, ज्यांना बयासिरा म्हणत, आणि बाकी सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून येऊन राहिलेले. त्यांचा एक प्रमुख असे, त्याला ‘हुनरमन’ म्हणत. त्याला राजा नेमत असे आणि तो आपल्या लोकांचे तंटे त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे तोडत असे. मसूदीच्या वेळच्या हुनरमनचे नावही आपल्याला ठाऊक आहे: अबू सईद मारूफ बिन झकरिया. आकडा गोल आहे, प्रवाशाचा आहे, पण व्यवस्था खरी आहे. कारण तसाच अधिकार दुसऱ्या एका लेखात तांब्यावर कोरलेला मिळतो.

तो लेख म्हणजे डहाणू तालुक्यातल्या चिंचणीचा ताम्रपट, शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६ चा. राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या इंद्राच्या काळात संयान मंडलाचा, म्हणजे संजाण भागाचा, कारभार एका ताजिकाकडे होता. ताजिक म्हणजे अरब. लेखात त्याचे नाव मधुमति, म्हणजे मुहम्मद. दुसरे नाव सुगतिप. या माणसाने काय केले? दोन प्रवाहांवर उतारूंसाठी फुकट तर चालू केली. संजाणला अन्नछत्र घातले, तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. आणि देवीच्या मठिकेला जमीन द्यायला मान्यता दिली. अरब सुभेदार, कन्नड-मराठी मुलखाचा सम्राट, ब्राह्मणाने उभी केलेली मठिका, कोकणातला भात. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचे हे चित्र ज्याने एकदा नीट वाचले, त्याला ‘परके’ हा शब्द सहजासहजी वापरवत नाही. मला तरी वापरवत नाही.

मातीतला पुरावाही याला दुजोरा देतो. संजाणला २००२ पासून काही हंगाम उत्खनन झाले. तिथे फिरोजी झिलईची पश्चिम आशियाई भांडी भरपूर मिळाली. तिथे आणि घारापुरीला लांबट, कान नसलेल्या, आतून डांबर लावलेल्या कुंभांचे तुकडेही मिळाले आहेत. टॉर्पेडोसारखा आकार म्हणून अभ्यासक त्यांना टॉर्पेडो कुंभ म्हणतात. हे कुंभ इराक-इराणकडचे. त्यांतून मद्य, तेल किंवा असाच पातळ माल येत असावा. चौलच्या परिसरात डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोदकाम करून जुने बंदर जमिनीतून वर काढले. समोरच्या किनाऱ्यावर सिराफ हे मसूदीच्या काळातले वैभवशाली बंदर. तिथे १९६६ ते १९७३ या काळात डेव्हिड व्हाइटहाउस यांनी उत्खनन केले.

सिराफमुळे मी सागाच्या लाकडाकडे येतो. दहाव्या शतकातला भूगोलकार अल-इस्तखरी सांगतो की सिराफची घरे कित्येक मजल्यांची आहेत आणि ती सागाच्या व आफ्रिकेतून आणलेल्या लाकडाची बांधली आहेत. भोवती उघडे डोंगर, एक झाड नाही, आणि घरे लाकडी! जहाजाचेही तसेच. अरबी गलबत शतकानुशतके खिळे न मारता काथ्याने शिवलेले असे. फळी सागाची, दोरा नारळाच्या काथ्याचा, दोन्ही भारताच्या किनाऱ्यावरून नेलेले. ज्या समाजाची ओळख जहाज, त्याचे जहाज दुसऱ्याच्या जंगलातले. साग समुद्रात टिकतो, किडत नाही, तडकत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आपल्याला पुरावा हवा असेल तर घाट चढून कार्ल्याला जा. चैत्याच्या छताला सागाच्या कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षे जागच्या जागी. आपल्या तालुक्यांतला साग नदीनदीने खाडीला जाई, हे अगदी अलीकडच्या पिढ्यांपर्यंत चालले. त्यातला नेमका कुठला ओंडका मस्कतच्या बगला जहाजात गेला, हे कोण सांगणार. पण लाकडाची वाट खालच्या दिशेची आणि घोड्याची वरच्या दिशेची, आणि दोन्ही याच गावांवरून जाणाऱ्या.

घोड्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचे आहे. दख्खनच्या राज्यांना घोडा लागे आणि तो इथे मनाजोगा निपजत नसे. आपले तट्टू काटक, डोंगराला चांगले, पण घोडदळाला उंची आणि वेग हवा. अरबाला घोडा पोटच्या पोरासारखा. वंशावळ तोंडपाठ, आणि नाव सांगायचे ते घोडीकडून. संयुक्त अरब अमिरातीत म्लैहा येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे प्राण्यांचे दफन सापडले: उंट आणि घोडे, आणि एका घोड्याच्या तोंडावर सोन्याने मढवलेला साज. वाळवंटात घोडा पोसणे सोपे नव्हते. उंटिणीच्या दुधावर आणि खजुरावर त्याला जगवावे लागे. म्हणूनच त्याची किंमत.

ही किंमत इकडे पोचेपर्यंत काय होई, ते मार्को पोलो सांगतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या राजाने समुद्री चाच्यांशी ठरावच केला होता: लुटीतला बाकीचा माल तुमचा, घोडे माझे. राजाने चाच्यांशी करार करावा, इतकी ती गरज. त्याच सुमाराचा इराणी लेखक वस्साफ दक्षिणेला आणि खंबायतकडे वर्षाला दहा हजार घोडे जात असल्याचे लिहितो. आकडा फुगलेला असेल, पण व्यापार मोठा होता.

आणि मग अफानासी निकितिन. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी १४६९ च्या सुमारास होर्मुझ, मस्कत, गुजरात करत चौलला उतरला. बरोबर एकच मौल्यवान वस्तू होती: शंभर रूबल पडलेला एक घोडा. चौलहून तो खुष्कीच्या वाटेने निघाला आणि आठ दिवसांनी डोंगराच्या पायथ्याच्या ‘पाली’ला पोचला. तिथून उमरी, तिथून जुन्नर. ही पाली म्हणजे आपल्या खालापूरला लागून असलेली, अंबेच्या काठची बल्लाळेश्वराची पाली असावी, असा माझा कयास आहे. घोडा धरून घाटाकडे चाललेला तो रशियन माणूस आपल्या उंबरठ्यावरून गेला. जुन्नरला तिथल्या असदखानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, असे सांगितले. खुरासानच्या एका ख्वाजा मुहम्मदने मध्ये पडून त्याची सुटका केली. पावसाळा निकितिनने जुन्नरलाच काढला. चार महिने पाणी आणि चिखल, असे त्याने लिहून ठेवले. वर्षभर सांभाळून तो घोडा त्याने शेवटी बिदरला विकला.

निकितिनने आणखी एक गोष्ट टिपली. या देशात घोडे निपजत नाहीत. बैल आणि रेडे निपजतात, माल वाहतात तेच. घोड्याला इथे हरभरा घालतात आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी खायला देतात. वाळवंटातल्या जनावराला कोकणातला तांदूळ शिजवून घालायचा! घोड्यामागचा हा खर्च, आणि त्याची देखभाल करणारी माणसे, घाटाखालच्या प्रत्येक मुक्कामावर दाणापाणी पुरवणारी गावे यांच्याकडे कुणा बखरकाराने पाहिले नाही. पुढे घाटावर भीमेच्या खोऱ्यात भीमथडी तट्टांची पैदास नावाजली. तिच्यात अरबी रक्त मिसळले असे मानतात. ते खरे असेल तर त्या रक्ताची वाट बोरघाटाच्या आसपासच शोधायला हवी.

हा सगळा व्यवहार ऋतूंच्या मुठीत होता. जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल-खैमाचा, नाखुदा अहमद इब्न माजिद पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या नौकानयनाच्या ग्रंथात वाऱ्यांचे आणि निघण्याच्या दिवसांचे कोष्टकच देतो. भर पावसाळ्यात भारताचा किनारा बंद. श्रावण सरत आला की तिकडून जहाजे निघायची. त्याच सुमारास आपले कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करतात आणि होड्या लोटतात. घाट मात्र लगेच खुला होत नसे. चिखल वाळेपर्यंत, ओढे उतरेपर्यंत बैलांचा पाय ठरत नाही. समुद्र श्रावणात उघडला तरी घाट दसऱ्याला उघडे. मधले दोन महिने माल बंदराच्या वखारीत आणि खाडीच्या टोकाच्या गावांत पडून राही. माझ्या मते इथल्या बाजारगावांच्या वाढीचे एक मोठे कारण या दोन महिन्यांत आहे.

आता खारीक. आपल्या घरात सवाष्णीची ओटी भरतात तेव्हा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बदाम आणि खारीक. नारळ आपला, तांदूळ आपला. खारीक कुठली? ओमानच्या शर्किया भागात जुलैत ‘मबसली’ जातीचा खजूर पिवळा झाला, पण पिकून मऊ पडला नाही, की तो उतरवतात. मोठमोठ्या तांब्याच्या कढयांत पाणी उकळून तो थोडा वेळ शिजवतात आणि उन्हात वाळत घालतात. कडक होतो, महिनोन्‌महिने टिकतो. या हंगामाला ते ‘तब्सील’ म्हणतात. सगळे घर, शेजारपाजार, बाया-पोरे त्यात राबतात. भट्टीभोवती गाणी होतात. हा माल ओमानी लोक स्वतः फारसा खात नसत. तो त्यांनी पिढ्यानपिढ्या भारतासाठी केला, मस्कत-सूरहून मुंबईला पाठवला. बिदियाच्या वाळूच्या टेकड्यांच्या कडेला बसून एखादी म्हातारी जे फळ उकळत होती, ते कडावच्या किंवा चौकच्या घरात लेकीच्या ओटीत पडत होते, डिंकाच्या लाडवातून बाळंतिणीच्या पोटात जात होते. दोघींना एकमेकींचे नावगाव ठाऊक नव्हते. राजांच्या तहांपेक्षा मला हा दुवा मोठा वाटतो, कारण तो कुणा राजाच्या हुकमावर अवलंबून नव्हता. आणि नेरळ-कर्जतच्या मुसलमान घरांत रमजानचा उपास खजुरानेच सुटतो, हे आपण दरवर्षी पाहतोच.

त्या घरांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे, आणि घाटावरचे बहुतेक हनफी. हा फरक दिल्लीकडून आलेल्या आणि समुद्राकडून आलेल्या अशा दोन वाटांचा आहे. शाफई पंथ येमेन, हद्रमौत, पूर्व आफ्रिका, मलबार, इंडोनेशिया असा किनाऱ्याकिनाऱ्याने पसरला. माहीमचे मखदूम अली महाइमी (१३७२–१४३१) हे याच परंपरेतले मोठे पंडित. त्यांनी अरबीत कुराणाचे भाष्य लिहिले. म्हणजे अरबी समुद्राच्या संस्कृतीची पूर्वेची हद्द शोधायची तर ती सह्याद्रीच्या कड्यावर सापडते. कर्जत-खालापूर हे त्या हद्दीवरचे शेवटचे ठाणे. मराठवाड्यात ‘चाऊस’ आडनावाची हद्रमी अरब घराणी आहेत, पण ती आली निजामाच्या फौजेतून, हैदराबादच्या बाजूने. अरब शिपाई मराठ्यांच्याही चाकरीत होते. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला पेशव्यांच्या बाजूने ते लढले. नागपूरला भोसल्यांचे अरब १८१७ च्या डिसेंबरअखेरपर्यंत शहर धरून बसले होते. मालेगावचा किल्ला त्यांनी महिनाभर झुंजवला. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

मोत्यांबद्दल बोलल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. बहारीन, कुवेत, कतार यांच्या किनाऱ्यावर उन्हाळ्याचे चार महिने पाणबुडे समुद्रात असत. नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात जाळीची पिशवी. वर दोर धरून बसलेला जोडीदार ओढून घेईपर्यंत श्वास धरायचा, दिवसातून कितीतरी वेळा. गलबतावर एक गवई असे. त्याच्या आवाजावर दोर ओढला जाई. मोती मुंबईच्या बाजारात येऊन विकला जाई, व्यापारी श्रीमंत होई. पाणबुड्या हंगामाआधी घेतलेल्या उचलीत बुडालेला असे, आणि बाप मेला की कर्ज मुलाच्या डोक्यावर. आपल्या कातकरी वाड्यांतून पावसाळा संपताच बयाणा घेऊन कोळसाभट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. व्यापाराच्या इतिहासात जहाजांची नावे राहतात. ही माणसे त्यात यायलाच हवीत. जपानी संवर्धित मोती आणि १९२९ ची मंदी यांनी तो धंदा मोडला, आणि पुष्कळ पाणबुडे तेलाच्या कंपन्यांच्या मजूरयादीत गेले.

त्या काळात आखातात चालणारे नाणे म्हणजे आपला रुपया. १९५९ मध्ये भारताने आखातासाठी वेगळा रुपया काढला. १९६६ च्या अवमूल्यनानंतर तो बहुतेक ठिकाणी बंद झाला. तोवर तेल आले होते. घोडा मोटारीने संपवला, जहाज लोखंडाचे झाले. आता तिकडे उणीव होती ती हातांची. रायगड-रत्नागिरीच्या गावांतून माणसे कुवेत, दुबई, सौदीला गेली, आणि त्यांनी पाठवलेल्या पैशाने कोकणात माड्या चढल्या. हे आपल्यासमोर घडले, म्हणून त्याचा विस्तार करत नाही.

शेवटी एका कामाबद्दल. बंदरांत उत्खनने झाली, लेण्यांचा अभ्यास झाला. घाटपायथ्याच्या मुक्कामांची, जुन्या गोठणींची, तळ्यांची, नदीउताराच्या जागांची पाहणी त्या मानाने फार थोडी झाली. आणि आज आपल्या तालुक्यांत जमीन जितकी खणली जाते आहे, तितकी पूर्वी कधीच खणली गेली नव्हती: रेल्वेची नवी मार्गिका, फार्महाऊस, गृहसंकुले, रस्ते. जेसीबीच्या एका फेऱ्यात एक मुक्काम नाहीसा होऊ शकतो. फिरोजी किंवा हिरवट झिलईचे खापर, आतून काळे डांबर लागलेले जाड खापर, काचेच्या बांगडीचा किंवा मण्याचा तुकडा, ओळख न पटणारे नाणे, असे काही दिसले तर जागेवरून उचलण्याआधी शेजारी पट्टी किंवा रुपयाचे नाणे ठेवून फोटो घ्या. गावाचे नाव, गट नंबर, किती खोलीवर होते ते लिहा. धुऊ नका, घासू नका. राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. जमिनीत दडलेले मोलाचे काही निघाले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शेतकऱ्याने त्याला घाबरू नये, त्या कायद्याने शेत जात नाही.

आपल्यापैकी काही शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी भात कापून झाल्यावर अंबेचा काठ उंबरखिंडीपासून पालीपर्यंत पायी पाहणार आहेत. तेव्हा शेते मोकळी असतात, गवत बसलेले असते आणि जमीन उघडी दिसते. ज्यांना यायचे आहे त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. नावे आजच लिहून घेतो.